फक्त

रात्री पावणेदोनला महापेच्या ऑफिसात
चौथ्या मजल्याचा एसी आपोआप बंद होतो
आणि मी बसून राहते एका फाइलसमोर
जी कुणीच लिहिलेली नाही.
मशीननेच बनवली ती,
धडधाकट फाइलीची अक्षरं उलटीपालटी करून,
चार लाख वेळा,
आपली लायब्ररी कुठल्या खोट्याला भुलते ते बघायला.

ही म्हणते, माझ्यात पासष्ट हजार ओळी आहेत.
आहेत तीन.

आणि आमची लायब्ररी,
जी बँकेत कागद वाचते, इस्पितळात वाचते,
दाखल्यांच्या खिडकीमागे वाचते,
तिला मोजायला कुणी शिकवलंच नाही.
तीन ओळी संपल्या तरी ती वाचतच जाते
शेजारच्या मेमरीत, हाताला लागेल ते:
...णकर, रक्तगट ओ निगे...
सेक्टर सतरा, ऐरो...
एका बाईच्या पेन्शनखात्याचे शेवटचे चार आकडे.
बाई खोटी, चाचणीसाठी आम्हीच भरलेली.
तरी मी नजर वळवली.

दारायस म्हणाला, क्रॅश झालं असतं तर बरं होतं.
खरंय. पडलेलं निदान दिसतं.
हे न पडता, निमूट, दुसऱ्याचं आणून देत होतं.

बाबा ठाण्याला कोर्टनाक्यावर दस्त लिहायचे.
एकतीस वर्षं. पत्र्याची शेड, एक टेबल, दोन स्टुलं.
रक्कम आधी अंकी, मग अक्षरी,
शेवटी 'फक्त',
आणि 'फक्त'पासून कागदाच्या काठापर्यंत एक रेघ.
मजकूर संपून पान उरलं तर त्यावर तिरकी रेघ.
पायाशी: पान सहा, एकूण चौदा.
शाई वाया जाते, मी म्हणायचे.
"कोरी जागा सोडली की तिथं कुणीतरी राहायला येतं."
मला वाटायचं, पक्षकारांवर संशय घेतात.
पक्षकारांना तर ते पदरचा चहा पाजायचे.

तीन वाजून दहा.
सापडलं ते फंक्शन, सोळा वर्षांपूर्वीचं,
वर कुणाचीशी टीप:
'फाइलमधला आकडा खरा धरला आहे.'
ती मी खोडत नाही.
तिच्याखाली दोनच ओळी घालते:
सांगितलेलं उरलेल्यापेक्षा जास्त असेल
तर थांब.

अजून एक आहे, फाइलीच्या पोटात फाइल,
तिच्या पोटात पुन्हा तीच. ती उद्या.

सकाळी चरईत बाबा जागेच.
"चोर सापडला?"
चोर नव्हता बाबा. कोरी जागा होती.
ते काहीच बोलत नाहीत.
डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या मंगळवारी आहे.
दूधवाल्याच्या चिठ्ठीवर चाचपत लिहितात
अक्षरी रुपये आठशे चाळीस फक्त
आणि रेघ ओढतात,
ती कागद ओलांडून
टेबलाच्या रेक्झीनवर बरीच पुढे जाते.