चार

फटू म्हणाला, काजू लाव.
वेंगुर्ल्याची कलमं मिळतात, तिसऱ्या वर्षी बोंडू.
म्हटलं, काजू काय सगळ्यांच्याच भाटात आहे.
गलबतातून आला, पाहुणा म्हणून राहिला,
आता घरपट्टीसुद्धा त्याच्याच नावावर.
मला चार हवा.

चार म्हणजे चारोळी रे.
डिचोलीच्या बाजारात वाणी ती
वेलचीच्या शेजारी ठेवतो, काट्यावर मोजताना श्वास धरून.
आमच्या डोंगरावर फुकट होती.
मे महिन्यात खिसे भरून आणायचो चारां,
काळी, वाटाण्याहून जराशी मोठी.
वरचं आंबटगोड चाटून संपवायचं
आणि बी कोण लांब थुंकतो, त्याची पैज.
म्हणजे मोलाचं ते थुंकलं
आणि साल तेवढी खाल्ली,
हे कळायला मला पन्नाशी लागली.

तो डोंगर आता नाही.
आहे, पण उलटा:
जिथे उंच होता तिथे खोल,
आणि खोलात हिरवं पाणी.
सव्वीस वर्षं मी टिप्पर चालवला,
खाणीवरून धक्क्यावर, दिवसाला सात खेपा.
हिशेब मागायला कोणी येत नाही.
तरी रात्री कधीतरी
सात गुणिले करत पडतो.

बिया सत्तरीतल्या मेव्हणीने दिल्या, शेवंतीने,
केळीच्या पानात बांधून, नऊ.
"ताज्या आहेत तोवर पेरा.
ह्या कोणाची वाट बघत नाहीत.
आणि पिशवीत नको, मूळ सरळ खाली धावतं.
पेराल तिथेच तिचं गाव."

कवचाला बारीक चीर पाडायची असते.
दगडावर दगड घेतला, पण हात टिप्परचा:
दोन बियांचं पीठ झालं.
बायकोने मग आडकित्ता आणला.
"सुपारीसारखं धरायचं," म्हणाली,
"भांडणासारखं नाही."
सात चिरा, सात जीव शाबूत.

पाटल्या दारी, मोरीच्या वरच्या अंगाला,
चिऱ्यात पहार घालून हातभर खणलं.
रुजल्या तीन.
एक फिलुमेनच्या कोंबडीने उकरली,
एक ऑगस्टात पाणी साचून कुजली.
उरली ती ही.

पहिल्या वर्षी वीतभर.
दुसऱ्या वर्षीही वीतभरच.
नळ दुरुस्त करायला आलेला पोरगा
तिच्यावर पाय देऊन गेला,
वाकली, पण पुन्हा उभी राहिली, जराशी तिरकी.
फिलुमेन भिंतीवरून विचारायची,
"कितें रे तें? फूल ना, फळ ना."
मी सांगायचो, खाली चाललंय काम.
आणि खरंच, वर दिसत नव्हतं ते
खाली कुठेतरी चिरा फोडत चाललेलं असणार,
न विचारता, न थांबता,
माझ्या मशीनसारखंच, पण उलट कामाला.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी
ती माझ्याएवढी झाली.
चामड्यासारखी पानं, मगरीसारखी होऊ लागलेली साल.
आठव्या जानेवारीत मोहर:
हिरवट पांढरा, बारीक, दिसेल न दिसेल असा.
माश्यांना मात्र आधी कळलं.

मेमध्ये चारां धरली. मच्छरदाणी बांधली
तरी बुलबुलांनी वाटा घेतलाच.
मूठभर राहिली.
बायकोने लगेच खिरीचा बेत केला, मी म्हटलं थांब,
वास्कोहून नातू येतोय, त्याला झाडावरची देऊ.

निहारने एक तोंडात टाकलं,
डोळे बारीक केले, चोखलं,
आणि थू!
कुठे गेली बी? मी ओरडलोच.
गुडघा विसरून खाली बसलो,
पाचोळा चाळू लागलो, बॅटरी मागवली.
पोराला वाटलं खेळच आहे.
थू! दुसरी आणखी लांब.
थू! तिसरी थेट भिंतीपलीकडे,
माझ्या लहानपणीच्या कुठल्याही थुंकीपेक्षा लांब.

दोन सापडल्या.
तिसरी मी मागायला गेलो नाही.
फिलुमेन आता कोंबड्या पाळत नाही.