भरल्या गाडीचं वजन

तुर्भ्याच्या काट्यावर सहा वर्षं मी
एकच काम केलं.
भरली गाडी चढली की आकडा,
रिकामी होऊन परतली की आकडा,
मोठ्यातून लहान वजा.
उरला तो माल.
कांदा, बटाटा, कळंगुटाएवढी कलिंगडं,
एकदा पंचधातूची देवी. ड्रायव्हर म्हणाला,
हिची पावती फाडू नका ताई, पाप लागेल.
मी फाडली.

नववा लागला तेव्हा गोगरीशेठ म्हणाले,
आता तूच भरली गाडी.
हसले. हसण्यासारखंच होतं.

रात्री अडीचला कंबरेत कुणीतरी पाना फिरवला.
हरेश रिक्षा बघायला खाली धावला,
एकाच पायात चप्पल.
कोपरखैरण्यापासून वाशीच्या इस्पितळापर्यंत
गतिरोधक किती, ते मला विचारा.
एकोणीस.
विसावा असेल तर माहीत नाही.

कागदावर नाव, वय, किती वेळची.
पहिलटकरीण, असं गुणाबाईनेच सांगून टाकलं
माझ्या तोंडाकडे बघून.
मग म्हणाली, ओरड. लाजू नको.
इथे कुणी कुणाचं ऐकत नाही.

शेजारच्या खाटेवर यादगीरची मल्लम्मा,
घणसोलीत टॉवर उभा राहतोय तिथली बिगारी.
ती हाक मारत होती, अव्वा, अव्वा.
मी, आई गं.
पहाटे कधीतरी अदलाबदल झाली.
मी अव्वा म्हणत होते.
ती, आई गं.

कळ येते त्याचं सगळे सांगतात.
जाते त्याचं कुणी सांगत नाही.
गेली की दोन मिनिटं दिसतं सगळं:
लसीकरणाचा तक्ता,
पंख्याचं एक पातं जरा वाकडं,
खिडकीखाली कुणीतरी चहाचे ग्लास विसळतंय.
इतकं साधं असतं जग,
आणि त्यात मला मुभा दोन मिनिटांची.

आई म्हणायची, कळ सोसली की कळतं.
मला काहीएक कळलं नाही.
ओणवी होते, लोखंडी दांडा धरून, जनावरासारखी,
आणि खरं सांगते, त्या घटकेला
मला बाळ नको होतं, हरेश नको होता,
घराचा हप्ता, माझं नाव, काही नको होतं.
फक्त माझ्यातून बाहेर पडायचं होतं.
दार एकच होतं
आणि त्यात आधीच कुणीतरी अडकलेलं होतं.

केस दिसतायत गं, गुणाबाई म्हणाली,
जिथे दुखतं तिथेच लाव जोर.

सात वाजून अकरा मिनिटांनी
माझा आवाज संपला
आणि दुसरा सुरू झाला.

छातीवर ठेवली. ओली, गरम, चिडलेली,
साय माखल्यासारखी, परकी.
प्रेमबिम नाही आलं.
पहिला विचार आला,
हिची नखं कुणी वाढवली?

मग वार पडली.
मग टाके. सात. भूल नीट चढली नव्हती.
बाहेर गुणाबाई सासूबाईंना सांगत होती,
मोकळी झाली बाई.

दोन किलो सातशे चाळीस.
मी आकडा दोनदा वाचायला लावला.

मल्लम्मा दुसऱ्या दिवशी गेली,
मुलगा ओढणीत गुंडाळून.
जाताना माझ्या मुलीच्या टाळूवर
तिने हात ठेवला. सिमेंटने फुटलेला.
काही म्हणाली. भाषा कळली नाही.

तिसऱ्या दिवशी निघताना, सवयीने,
वॉर्डातल्या काट्यावर उभी राहिले.
भरली वजा रिकामी: साडेपाच किलो.
त्यात ती, वार, पाणी, रक्त,
सगळं धरून पाहिलं.
तरी सव्वा किलो कुठे लागत नाही.
उतरले, पुन्हा चढले.
काटा बरोबर होता.

महिन्याने गोगरीशेठचा फोन आला.
कधी येतेस?
ती दूध ओढत होती, मूठ माझ्या बोटावर आवळून.
म्हटलं, शेठ,
गाडी अजून काट्यावरच आहे.