साडेचार कट्टे

मल्लेशम रात्रपाळी करून येतो
टॉवेलच्या कारखान्यातनं. कानात अजून साचे वाजत असतात.
झोपायच्या आधी ती निळी बॅटरी
माझ्या स्वाधीन करतो. म्हणतो,
"आत्ते, हिला एकटीला सोडायचं नाही."

असं या घरात
माझ्याबद्दल कुणी म्हटलं नव्हतं.

मग मी बसते.
मांडीवर सूप, ओल्या फडक्यात पानं,
कात्री, पत्र्याचा साचा, तंबाखू.
आणि सहा हात लांब, न्हाणीच्या कडेला,
शहाबादी फरशीच्या तुकड्यावर
मातीच्या कुंडीत ती.
शेजारी वाळूची बादली.
लांब एवढ्यासाठी, की पान, तंबाखू, दोरा,
पेटायला लागतं ते सगळं माझ्याच मांडीवर.

आधी हात लावून बघायचं.
उडवून आणलेली ऊन असते,
मे महिन्यात होटगी रोडच्या माळावरनं आली
तर पत्र्यासारखी.
तशी लावायची नाही. गार होऊ द्यायची,
फ्रीजमध्ये नाही, माठाला टेकून नाही,
तिची ती.

मग जाड वायर, मग पांढरी बारीक.
आत तीन खोल्या आहेत म्हणे, तिन्हींचा हिशेब वेगळा.
डबीवर आकडे येतात:
तीन पॉइंट नऊ, तीन पॉइंट नऊ, तीन पॉइंट आठ.
मागं राहिलेलीसाठी पुढच्या दोघी थांबतात.
चार पॉइंट दोनच्या वर कुणीच जायचं नाही.
मी चौथीत शाळा सोडली,
पॉइंट मला बॅटरीनं शिकवला.

"लवकर होत नाही का रे?"
"होतं की. अँपियर वाढवला की होतं.
पण मग ती लवकर जाते."
हे मला कळलं. घाईत वळलेली विडी
ब्रँचमध्ये छाटात जाते,
आणि छाटाचे पैसे कोण देतं?

एक चार्ज म्हणजे माझे साडेचार कट्टे.
घड्याळ बघत नाही मी.
लाईट गेली तर वायर काढते,
आली की त्याला हलवून विचारते, परत लावू का.
शेजारची पद्मा हाक मारते, "चहाला ये की, काय करलालीस?"
"राखण करलालाव," म्हणते.
ती हसते. हसू दे.

गड्ड्याच्या यात्रेत पहिली बॅटरी फुगली.
भाकरी फुगली की मी पद्माला दाखवते,
ही फुगली तर पोराचं तोंड उतरलं.
दाबायची नाही, टोचायची नाही,
चार्जिंगला तर लावायचीच नाही.
बाहेर बोळात, वाळूत ठेवून
त्यानं रिक्षाच्या मागच्या दिव्याचा बल्ब तिला जोडला.
दोघं लांब बसलो.
बल्ब आधी पांढरा जळला,
मग उसाच्या गुळासारखा,
मग विडीच्या टोकाएवढा लाल.
तेवढ्या उजेडात मी सहा कट्टे वळले.
तिच्यावर त्याचं विमान पहिल्यांदा वर गेलं होतं,
कुसळांत पडलं होतं, परत गेलं होतं.
मी ते बघितलं नव्हतं. सांगितलं त्यानं तेव्हा,
बल्बकडं बघत.

या आठवड्यात पाळी बदलली, उडवायला वेळ नाही.
"मग भरून ठेवू नको आत्ते. रिकामीही नको.
तीन पॉइंट आठवर थांबव."
अर्धं भरून ठेवायचं असतं हे
मला कुणी आधी सांगायला पाहिजे होतं.

डबी वाजते. वायर काढते.
आधी बारीक का आधी जाड, अजून अडखळते.
हात लावते: कोमट. बरं आहे.
आत मल्लेशम कुशीवर वळलाय, तोंड उघडं,
दंडावर सुताचे तंतू चिकटलेले.
त्याला उठवायचं ठरलंय.

अर्धा कट्टा राहिलाय.
तेवढा होऊ दे.