साक्षीदाराची सही

पाकीट आलं तेव्हा तो कॉलेजात होता.
मीच घेतलं वॉचमनकडून
आणि फ्रिजवर ठेवलं, गॅसच्या पुस्तकाखाली.
तिकिटावर एक मासा, आणि माशाच्या डोक्यावर
दुसऱ्याच कुठल्या देशाचा मुकुट.

संध्याकाळी एलियासने ते चाकूने उघडलं
(माझ्या भाजीच्या चाकूने; बोलले नाही काही)
आणि ओट्याशी उभ्याउभ्या वाचलं.
मग म्हणाला, "काकू, दोनच चौकोन आहेत."

एक चौकोन: आपले आपण.
दुसरा: पुरते त्यांच्यात.
आहे तसं राहू द्या, असा तिसरा नाही.

केवढं रे तुझं बेट? मी विचारलं.
म्हणाला, वनाजपासून चालायला लागलो
तर नळ स्टॉपच्या आत समुद्र लागतो.
महिन्यातून एकदा जहाज.
तांदूळ त्यातून, औषधं त्यातून,
शाळेतला नकाशाही त्यातूनच आलेला,
आणि त्या नकाशावर बेटाच्या जागी
माशी बसून गेल्यासारखा एक ठिपका.

त्याची आजी म्हणते, जहाज आपलं नसेल
तर बंदर आपलं असून काय चाटायचंय?
भाऊ म्हणतो, जहाज येतं
म्हणून तर आपण होड्या बांधायला विसरलो.
दोघंही खरंच बोलतात, एलियास म्हणाला,
आणि एकाच पातेल्यातलं जेवतात,
गेला महिनाभर, एकमेकांशी न बोलता.

मी काय सांगणार?
एकतीस वर्षं महापालिकेत काढली, मिळकत कर विभागात.
आमचं गाव हद्दीत घेतलं तेव्हा
नोटिसांचा गठ्ठा माझ्याच टेबलावर आला.
थोरल्या काकांच्या नावाची नोटीस
मीच टाइप केली, मीच जावक क्रमांक घातला.
कर पहिल्याच वर्षी पोचला.
पाणी अजून टँकरने पोचतंय.
मग गावात सभा झाली, वेगळी नगरपालिका हवी म्हणून.
काका खुर्चीवर चढून बोलले. टाळ्या पडल्या.
सभा उठल्यावर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले,
"वेगळं झालो तर गं,
कचऱ्याची गाडी कोण पाठवणार?"

हे मी एलियासला सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर तो हसला असता,
आणि हसता हसता
कुठल्यातरी चौकोनाकडे कलला असता.

फॉर्मवर खाली साक्षीदाराची जागा.
नाव, पत्ता, मतदाराशी नातं.
नात्यापाशी पेन थांबलं.
घरमालकीण लिहायला गेले,
आणि त्याची मान किंचित ताठ झाली.
मालक या शब्दाला त्याच्याकडे
फार जुना वास असणार.
मग लिहिलं, शेजारीण.
मध्ये एक भिंत आहे, म्हणजे शेजारच तो.

त्याने पाठ केली. करावीच लागते, नियम आहे.
मी कुकरच्या शिट्ट्या मोजत राहिले.
पेन कागदावर दोनदा घासलं. फुली.
कुठल्या चौकोनात, ते
आवाजावरून कळत नाही.

सकाळी सिटी पोस्टात गेलो.
काउंटरवरच्या बाईंनी संगणकात शोधलं.
"या नावाचा देशच दिसत नाही.
कुणाच्या खाली येतो?"
एलियास गप्प. मागे रांग.
मी म्हटलं, "बाई, तेच तर पाकिटात आहे."
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं,
पाकीट काट्यावर ठेवलं. एकोणतीस ग्रॅम.
"ते उघडेल तेव्हा उघडेल. आत्ता काय टाकू?"

तेव्हा एलियासने नाव सांगितलं,
ज्यांचं जहाज येतं त्यांचं.
एकेक अक्षर सुटं करून, सावकाश,
जसा आपण रिक्षावाल्याला
दुसऱ्याच्या घराचा पत्ता सांगतो.