अठ्ठ्याण्णव

सोहारच्या इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर
खिडकी नसलेली एक खोली आहे.
तिथे बसून मी रात्रभर त्रेचाळीस घरांचे श्वास राखते.
राखते म्हणजे नुसती बघते.
आमच्याकडे माळ्यावरून भात राखणारी माणसं
निदान पत्र्याचा डबा तरी वाजवतात.
माझ्या हाताशी एक फोन, गार झालेला चहा
आणि पडद्यावर हिरवे आकडे.

खल्फान बिन हमदान, वय एकाहत्तर, राहणार सहम.
चाळीस वर्षं समरच्या लाकडांवर हलवा घोटला,
तांब्याच्या कढईत, धुराकडे तोंड करून.
आता फुप्फुसांच्या तळाला जे लागलंय
ते खरवडून निघत नाही.
त्यांचा आकडा नव्वद. चांगल्या दिवशी एक्क्याण्णव.

दर गुरुवारी संध्याकाळी मात्र तो सत्त्याऐंशीवर यायचा.
यंत्र बदललं, सेल बदलले.
शेवटी त्यांच्या बायकोला, मौझाबाईंना, सहज विचारलं,
गुरुवारी घरात काय असतं?
"पाहुणे," त्या म्हणाल्या,
"आणि पाहुण्यांना ऊद नको का दाखवायला?"
माझी अरबी तोडकी. तरी सांगितलं, ऊद अंगणात.
त्यांनी ऐकलं. पण तेव्हापासून त्या घरात माझं नाव
धूर मोजणारी.

मागच्या महिन्यात वारा सुटला, वाळू उठली.
तीन दिवस आकाश बेसनाच्या रंगाचं.
सगळ्यांचेच आकडे उतरले. खल्फान यांचा
एकोणनव्वद, मग अठ्ठ्याऐंशी,
आणि रात्री पावणेतीनला
अठ्ठ्याण्णव.

बरं वाटायला हवं होतं.
माझ्या पोटात खड्डा पडला.
नाडी बघितली : एकशे सहा, शिवणयंत्राच्या टाक्यांसारखी नेटकी.
त्यांची नाडी अशी नाही. ती अडखळते,
दर चार-पाच ठोक्यांनी उंबरठा लागल्यागत.
आकडा खोटा नव्हता.
बोट दुसऱ्याचं होतं.

फोन नातीने उचलला. शमसा, वय नऊ.
"आजोबा झोपलेत."
तिच्या मागे कुणीतरी बसून श्वास ओढत होतं,
कोरड्या विहिरीवर रहाट फिरावा तसं.

रागावता आलं असतं.
म्हटलं, "शमसा, तुझं काळीज एकदम छान चाललंय.
आता त्यांचं दाखव."

बराच वेळ काही नाही.
मग हळूच, "तुम्ही त्यांना घेऊन जाल."
मी नाही म्हणाले नाही.
चिमटा उघडल्याचा आवाज आला,
आणि पडद्यावर एक्क्याऐंशी.

गाडी पोचायला बावीस मिनिटं लागली.
तेवढा वेळ आम्ही दोघी फोनवर होतो.
तिने आजीला उठवलं, आजोबांना उशा लावल्या,
खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबला.
मधेच विचारलं, "तुमच्या आजोबांचा आकडा किती?"
ते कौलांच्या भट्टीवर होते, मी म्हटलं.
त्यांना कुणी मोजलंच नाही.

अकरा दिवसांनी खल्फान घरी परतले,
नाकात नळी, कपाळावर आठ्या.
आता रोज रात्री दहाला सहमहून दोन आकडे येतात.
आधी अठ्ठ्याण्णव, जेमतेम पाच सेकंद.
मग एकोणनव्वद, नव्वद,
आणि तो अडखळणारा ठोका.

पहिला मी नोंदीत घेत नाही.
पण तो यायला उशीर झाला
तर दुसऱ्याकडे बघायचा धीर होत नाही.