आतला खिसा

चिमणपुऱ्यात माझ्या मशीनवर
यंदा बावीस मावळे, चार मोगल.
मोगल व्हायला कुणी तयार नसतं,
म्हणून त्यांचं कापड जरा भारीतलं घेते.

बंदच लावते, सहा. चेन नाही.
पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत.

शिकलगारांचा तौफिक दरवर्षी मावळा होतो
आणि पहिल्याच झटक्यात पडतो.
त्याच्या अंगरख्याला आतून एक खिसा,
इतिहासात नसलेला,
दम्याच्या पंपापुरता.

मेल्यावर पाऊण तास
पडून राहतो उन्हात,
पोट हलू नये म्हणून श्वास चोरत.

कपडे परत आले की मोजते.
बाकीच्यांच्या काखा घामट.
याच्या फक्त पाठीवर हिरवट डाग,
अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या गवताचा.

तेवढा धूत नाही मी.
पुढच्या साली
जागा सापडायला बरी.