मूळ फाईल

कंपनीने पाठवला खेळ: एकोणनव्वद सालचा,
सोळा रंग, आवाजाच्या तीन वाटा,
सगळं मिळून एका पासपोर्ट फोटोपेक्षा हलकं.
सोबत यादी.
पाणी पाण्यासारखं हलावं. किल्ल्याच्या दगडांवर शेवाळ दिसावं.
शिलेदाराला खुरटी दाढी, कपाळावर घाम.
आणि संगीत भरघोस करा,
पण मुळाला धक्का नको.

चित्रं करणारी ईशान्या पुण्याहून विचारते,
याच्या डोळ्यांचा रंग कुठला?
मी म्हटलं, डोळा म्हणजे एक काळा ठिपका होता गं.
भरमाला तो चिडलेला दिसायचा,
मला झोपाळू,
आणि वडगावात ज्याच्या दुकानात आम्ही खेळायचो
तो गंगाधर मारिहाळ म्हणायचा,
'त्यो तुमच्याकडं बघतच न्हाई,
घड्याळाकडं बघतोय. रुपया संपला. उठा.'

ईशान्याने तपकिरी डोळे दिले.
छान आहेत. आता तो फक्त तपकिरी डोळ्यांनी बघतो.

आवाज माझ्याकडे.
तिसऱ्या लेव्हलचं भुयार मला अजून पाठ:
खट्-खटाक्, खट्-खटाक्,
धावताना पायाखालून येणारा तो ताल,
त्यावरच उडी मारायची, चुकलं की काटे.
खरे ढोल लावून बांधला मी तो. आठ रात्री गेल्या.
उत्तर आलं एका ओळीचं:
तालवाद्य मुळात नाही, काढावं.

मुळात नाही?
तिसऱ्या गेटजवळच्या माझ्या खोलीत
हेडफोन घट्ट दाबून मी मूळ फाईल उघडली,
तिन्ही वाटा सुट्या केल्या.
एकीत बारीक शीळ.
दुसरीत भुंगा.
तिसरीत नुसतं उडीचं टुंय्.
बस्स.
रूळांवरून मालगाडी गेली, खिडकी थरथरली,
आणि मला भिंत आठवली.

अर्ध्या विटेची भिंत. अलीकडे गंगाधरची दोन मशिनं,
पलीकडे सोंटक्कींचे चार माग, शहापुरी साड्यांचे.
लाईट गेली की खेळ आणि माग एकदम गप्प,
इकडून मराठीत शिवी, तिकडून कन्नडात,
मग इकडूनही कन्नडात, कारण ती जास्त बसायची.

रविवारी गेलो.
तीन माग किलोवर गेलेले. चौथा आहे,
आठवड्यातून दोन दिवस चालतो, सवय म्हणून.
'बा, कूड,' म्हणाले सोंटक्की मामा,
आणि रेकॉर्डरकडे बघून हसले:
'तीस वर्षं हा आवाज बंद करा म्हणून लोक भांडले,
तू न्यायला आलास?'
मी माईक लावेपर्यंत
त्यांनी डबा काढून मागाला तेल घातलं होतं,
सांध्यासांध्यात, बोटाने पुसून,
फोटोआधी पोराचा भांग पाडावा तसं.
मामा, नको, म्हणायला मला उशीर झाला.
माग चालू झाला.
थोडा मऊ वाजत होता.

कंपनीला मी ढोल काढून फाईल पाठवली.
शीळ, भुंगा, टुंय्, सगळं लख्ख.
शाबास म्हणाले, पैसे पुढच्या महिन्यात.

रात्री भरमाला फोन केला.
उद्यमबागच्या फाउंड्रीत ग्राइंडिंगला असतो,
डावा कान जवळजवळ गेलाय.
काही न सांगता फोन स्पीकरसमोर धरला.
खट्-खटाक्, खट्-खटाक्.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
वाटलं, चुकीच्या कानाला लावला असेल.
मग ओरडला,
'भुयार! अरे काटे आलेत पुढं,
बघत काय बसलास,
उडी मार की बे!'